जुना खेळ नव्या रुळांवर

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिणग्यांची एक लांब रांग सावकाश सरकत गेली. अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर असलेली माणसे तोंड वर करून पाहत राहिली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले. आणि कोणीतरी म्हणालेच, की परग्रहावरचे लोक आले! चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूची एक मोठी कडी पडलेली सापडली. ते चीनच्या अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी पुढे काढला.

सोमवारी शाळेत मुलांनी आम्हाला घेरले. अग्निबाणाचा तुकडा जळतो का, कडी जळून का गेली नाही, हे प्रश्न होतेच. पण एकाचा प्रश्न वेगळा होता. "सर, ते खरंच आले असते तर आपल्या यवतमाळात त्याहिले काय दिसलं असतं?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण नेमक्या याच प्रश्नावर उभा असलेला एक संगणकीय खेळ आम्हाला ठाऊक होता. २००५ साली आलेला हा खेळ २०२० साली नव्याने घडवला गेला. जुना खेळ नव्याने घडवायचा म्हणजे नेमके काय करायचे? हे शोधू लागलो तेव्हा त्यात गणित, भौतिकशास्त्र, इतिहास आणि विनोद असे सगळेच हाती लागले. तेच या लेखात मांडत आहोत.

उलटी फिरवलेली गोष्ट

परग्रहवासीयांच्या स्वारीची सर्वांत गाजलेली कथा म्हणजे एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. पुस्तकरूपाने ती १८९८ मध्ये आली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करून येतात आणि त्या काळचे सर्वांत बलाढ्य साम्राज्य हतबल होते. युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले, याची आठवण वेल्स पहिल्याच प्रकरणात करून देतात. म्हणजे ही कथा मंगळाची कमी आणि साम्राज्याला दाखवलेल्या आरशाची जास्त आहे.

पुढे १९४७ साली अमेरिकेत 'उडत्या तबकड्यां'ची आवई उठली. १९५० च्या दशकात तिथे साम्यवाद्यांची भीती, अणुबॉम्बची भीती आणि तबकड्यांची भीती एकमेकींत मिसळून गेली, आणि या भीतीवर चित्रपटांमागून चित्रपट निघाले.

'डिस्ट्रॉय ऑल ह्यूमन्स' या खेळाने हे सगळे उलटे केले. इथे खेळणारा माणूस नसतोच; तो असतो क्रिप्टो नावाचा चिडका, बुटका, मोठ्या डोक्याचा परग्रहवासी. वर्ष १९५९, जागा अमेरिका. तो पहिल्यांदा उतरतो एका शेतावर. समोर गायी दिसतात. क्रिप्टोला वाटते, पृथ्वीचे राज्यकर्ते हेच! तो त्यांच्याशी बोलणी करू पाहतो. माणसांची मने वाचण्याची शक्ती त्याच्याकडे आहे, पण मनांत सापडते ते क्षुल्लक आणि हास्यास्पद. त्याने घातलेल्या गोंधळाची बातमी वर्तमानपत्रात येते, तीही सरकारने काहीतरी भलताच खुलासा करून झाकलेली. खेळात मारधाड भरपूर आहे आणि तो लहान मुलांसाठी नाही. वर्गात तो खेळण्याची गरजही नाही. आपल्याला हवी आहे ती त्याच्या पुनर्निर्मितीची गोष्ट.

हा खेळ बनवणारी पँडेमिक स्टुडिओज ही कंपनी २००९ साली बंद झाली. तो प्रसिद्ध करणारी टीएचक्यू कंपनी २०१२ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. २०१३ मध्ये खेळाचे हक्क दुसऱ्या कंपनीने घेतले आणि जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट गेम्स या संस्थेने तो पुन्हा घडवला. २८ जुलै २०२० रोजी तो बाजारात आला. मधल्या १५ वर्षांत यंत्रे बदलली, पडदे बदलले, खेळणाऱ्यांच्या सवयी बदलल्या, आणि कशावर हसावे याच्या कल्पनाही बदलल्या.

शकुंतलेचे तीन मार्ग

जुनी वस्तू आजच्या काळात चालवायची तर किती मार्ग असतात? आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे कापूस वाहण्यासाठी बांधली गेली. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर तब्बल सात दशके राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेलचे इंजिन जोडण्यात आले. गेली काही वर्षे गाडी बंद आहे आणि हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा व्हावा अशी मागणी आहे.

समजा, शकुंतला पुन्हा धावायला हवी आहे. पहिला मार्ग असा: नव्या रुंद रुळांच्या आत जुने अरुंद रूळ टाकायचे आणि त्यावर जुनीच गाडी, जुनेच इंजिन चालवायचे. संगणकाच्या जगात याला 'एम्युलेशन' म्हणतात. नव्या यंत्रात असा प्रोग्रॅम बसवायचा, की जो हुबेहूब जुन्या यंत्रासारखा वागेल. जुन्या खेळाला पत्ताच लागत नाही की घर बदलले आहे.

दुसरा मार्ग: रूळ तेच, डबे तेच, रंग नवा द्यायचा आणि इंजिन डिझेलचे जोडायचे. हे झाले 'रीमास्टर'. आतला खेळ जुनाच, चित्रे तेवढी अधिक स्पष्ट.

तिसरा मार्ग: ब्रॉडगेज. दारव्हा, कारंजा ही स्थानके राहतील, गावे राहतील. पण पूल, वळणे, चढ-उतार सगळे नव्याने मोजावे लागेल. हा 'रीमेक', म्हणजे पुनर्निर्मिती. क्रिप्टोच्या खेळाचे हेच झाले. शेत, गाव, लष्करी तळ, राजधानी ही 'स्थानके' तीच ठेवली. त्यांच्यामधला मार्ग नव्याने टाकला.

आता खरी अडचण सुरू होते. शकुंतलेचे 'शकुंतलापण' कशात होते? रुळांच्या अरुंदपणात? संथ गतीत? शिटीत? की गावोगावच्या माणसांना परवडणाऱ्या भाड्यात? जी गोष्ट आपण टाकून देऊ तीच जर तिचा प्राण असेल तर? खेळ पुन्हा घडवणाऱ्यापुढेही पहिला प्रश्न हाच असतो.

दोष की गुण?

याचे नामी उदाहरण १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळात आहे. तो तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी तयार केला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या ५ रांगा, प्रत्येकीत ११ जण. एकूण ५५. ते डावी-उजवीकडे सरकत खाली येतात आणि आपण खालून तोफ डागतो. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने पळू लागतात. छातीत धडधड वाढते. खेळाची खरी गंमत यातच आहे.

पण वेग वाढतो का? यंत्रातला प्रोसेसर फार धिमा होता. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जाई आणि दर चित्रागणिक एकाच परग्रहवासीला एक पाऊल हलवले जाई. आता गणित मांडू.

५५ जण असताना सर्वांचे एक पाऊल व्हायला लागणारा वेळ = ५५ ÷ ६० = सुमारे ०.९२ सेकंद.
१० जण उरल्यावर = १० ÷ ६० = सुमारे ०.१७ सेकंद.
एकच उरल्यावर = १ ÷ ६० = सुमारे ०.०१७ सेकंद.

म्हणजे शेवटचा शत्रू पहिल्यापेक्षा ५५ पट चपळ! वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. मुलांना रांगेत उभे करा. शिक्षकांनी एकसारख्या तालात टाळ्या वाजवायच्या आणि दर टाळीला क्रमाने एकाच मुलाने एक पाऊल टाकायचे. मग एकेकाला बसवत जा. टाळ्यांचा ताल तोच, पण उरलेल्यांची धावपळ वाढत जाते. व्यस्त प्रमाण फळ्यावर लिहिण्याआधी पायांना समजते.

यंत्राच्या अशक्तपणातून आलेला हा परिणाम निशिकादोंनी दुरुस्त केला नाही, खेळातच ठेवला. आजचा प्रोसेसर ५५ जणांना एकाच क्षणी हलवू शकतो. तेव्हा हा खेळ आज नव्याने लिहिणाऱ्याला तो 'दोष' मुद्दाम बनवावा लागतो: इतके उरले तर इतका वेग, असे वेगळे लिहून. ज्याला हे ठाऊक नाही तो जलद यंत्रावर अगदी निर्दोष आणि अगदी कंटाळवाणा खेळ बनवील.

उडी किती उंच?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. चित्रपटाप्रमाणे खेळातही हालचाल म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे. जुने खेळ पुष्कळदा सेकंदाला ३० चित्रे दाखवत. आता ६० ची अपेक्षा असते. मग नुसती चित्रे दुप्पट केली की झाले? करून पाहू.

समजा, आपल्या परग्रहवासीने उडी मारली. सुरुवातीचा वेग सेकंदाला ३०० ठिपके वरच्या दिशेने. गुरुत्वामुळे हा वेग दर सेकंदाला ६०० ने घटतो. नववीच्या सूत्राप्रमाणे उडीची उंची = ३०० × ३०० ÷ (२ × ६००) = ७५ ठिपके.

पण संगणक सूत्र वापरत नाही. तो पावलापावलाने जातो. आधी वेग घटवतो, मग त्या वेगाने थोडे पुढे सरकवतो. सेकंदाला ३० चित्रे असतील तर दर पावलाला वेग २० ने घटेल: २८०, २६०, २४०… शेवटी ०. या सर्वांची बेरीज २१००. तिला ३० ने भागले की उंची ७० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे असतील तर वेग १० ने घटेल: २९०, २८०, २७०… शेवटी ०. बेरीज ४३५०. तिला ६० ने भागले की ७२.५ ठिपके.

उडी तीच, गुरुत्व तेच, पण उंची वेगळी! आता वाटेत ७२ ठिपक्यांची भिंत असेल तर? जुन्या यंत्रावर ती ओलांडता येत नव्हती म्हणून दरवाजाची किल्ली शोधावी लागे. नव्या यंत्रावर परग्रहवासी टुणकन पलीकडे. किल्लीचे सगळे प्रकरण वाया! पुनर्निर्मिती करताना प्रत्येक उडी, प्रत्येक कठडा, प्रत्येक गोळीचा वेग म्हणूनच पुन्हा तपासावा लागतो. आम्हाला ही बेरीज फार आवडली, कारण पावले जितकी लहान तितके उत्तर ७५ च्या जवळ जाते. कलनशास्त्राचा दरवाजा इथेच उघडतो.

ठिपके आणि कोपरे

चित्रांचे काय? जुन्या दूरदर्शन संचाच्या चित्रात ६४० × ४८० असे ठिपके धरले, तर एकूण ३,०७,२०० होतात. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० होतात, म्हणजे पावणेसात पट. २००५ चा खेळ प्लेस्टेशन २ या ज्या यंत्रावर चाले त्याची मुख्य मेमरी होती ३२ मेगाबाइट. प्लेस्टेशन ४ ची आहे ८ गिगाबाइट, म्हणजे २५६ पट.

पूर्वीचे चित्र नुसते ताणून मोठे केले तर त्याचे कोपरे उघडे पडतात. संगणकाला गोल वस्तू सरळ रेषांच्या तुकड्यांनी बनवावी लागते. कंपासने वर्तुळ काढून त्यात समान बाजूंचा अष्टकोन काढा. तो वर्तुळाचे सुमारे ९० टक्के क्षेत्र व्यापतो. ३२ बाजूंची आकृती ९९ टक्क्यांहून अधिक व्यापते. लहान, धूसर पडद्यावर अष्टकोनी तबकडी चालून गेली. मोठ्या पडद्यावर ती बोल्टच्या नटासारखी दिसेल. म्हणून पात्रे, घरे, झाडे, तबकडी सारे नव्याने घडवावे लागले.

क्रिप्टोची चालही बदलली. आता तो मनःशक्तीने वस्तू उचलत असतानाच बंदूकही चालवू शकतो. मूळ खेळ पुरा करताना गाळलेला एक प्रसंगही परत घेतला गेला. पण एक गोष्ट जवळजवळ तशीच ठेवली: आवाज. जुन्या कलावंतांचे ध्वनिमुद्रित संवादच पुन्हा वापरले गेले. डबे नवे, शिटी मात्र जुनी.

पुण्यात पडलेली गाठ

हे काम वाटते तितके सोपे नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सॅन्ड्स ऑफ टाइम' या २००३ च्या खेळाची पुनर्निर्मिती हाती घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. जानेवारी २०२१ मध्ये तो येणार होता. पहिली झलक पाहून जुन्या चाहत्यांनी चित्रांवर बरीच टीका केली. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ जिथे घडला त्या कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा प्रकल्पच रद्द केला.

यातून कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते हे: नवा खेळ बनवताना तुलना कशाशीच नसते. जुना खेळ पुन्हा बनवताना तुलना असते ती लोकांच्या आठवणीशी. आणि आठवणीतला खेळ प्रत्यक्षातल्या खेळापेक्षा नेहमीच सुंदर असतो!

याच मालिकेतला पहिला खेळ जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये एकहाती घडवला होता. आपल्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्या खेळाची मूळ आज्ञावली हरवली आहे असे ते समजत होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी मिळाल्या. जुनी यंत्रे जमवून जाणकारांनी त्या वाचल्या आणि आज्ञावली जगासमोर आली. ते खोके रद्दीत गेले असते तर?

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत. पुस्तक पिवळे पडले तरी वाचता येते. फ्लॉपी मात्र वाचणारे यंत्र गेले की ती फक्त चौकोनी प्लास्टिक उरते. तुमच्या शाळेच्या कपाटातही कदाचित अशा फ्लॉपी आणि सीडी पडल्या असतील. एकदा पाहून घ्या.

विनोदाचे काय?

चित्रे मोजता येतात, उडी मोजता येते. विनोद कसा मोजायचा? २००५ च्या खेळात १९५० च्या दशकातल्या अमेरिकेची टर उडवली होती. त्यातले काही विनोद २०२० मध्ये शिळे, तर काही बोचरे वाटू लागले होते. निर्मात्यांनी ते बदलले नाहीत. खेळाच्या सुरुवातीलाच एक सूचना टाकली. तिचा मथितार्थ असा: रूप आणि चाल नवी असली तरी कथा, शब्द आणि चित्रे जवळजवळ मूळचीच आहेत, आजच्या माणसाच्या मेंदूला त्याचा धक्का बसू शकतो.

हा एक मार्ग झाला. पण आपल्या मुलांना १९५९ ची अमेरिका ना ठाऊक, ना जवळची. त्यांच्यासाठी खेळ पुन्हा घडवायचा तर? आम्ही सातवीच्या वर्गात हाच प्रश्न टाकला. संगणक नव्हताच, चौकटींचा कागद, पेन्सिल आणि गोष्ट एवढेच साहित्य. खेळातला गायींचा प्रसंग सांगितला आणि विचारले, "आता क्रिप्टो आपल्या गावात उतरला तर?"

उत्तर लगेच आले. "सर, पोळ्याच्या दिशी उतरू द्या त्याले. बैलाच्या गळ्यात माळा, शिंगाले बेगड, अंगावर झूल. मानसं पाया पडून रायली, पुरनपोळी खाऊ घालून रायली. त्याले वाटन, बैलच राजा हाय!"

वर्ग खो-खो हसला. आम्हाला मात्र मुलाने विनोदाचा सांगाडा नेमका हेरल्याचे जाणवले. गाय हा विनोदाचा वरचा रंग. आतला सांगाडा असा: परका प्राणी समोरचे पुरावे नीट पाहतो, तर्कही नीट करतो आणि तरी निष्कर्ष साफ चुकतो. निरीक्षण, तर्क आणि निष्कर्ष यांवर आम्ही विज्ञानाच्या तासाला एरवी बराच वेळ घालवतो. पण पुरावा अपुरा असेल तर काय होते, हे त्या दिवशी एका बैलाने शिकवले.

मग दुसऱ्या मुलाने खेळ पुढे नेला. शत्रू म्हणून परग्रहवासीयांऐवजी बोंडअळ्या, कपाशीच्या ओळीवरून खाली उतरणाऱ्या. आणि बंदूक म्हणून पाठीवरचा फवारणीचा पंप. कल्पना छान होती. मुले कागदावर पंप काढू लागली. एक मुलगी मात्र पेन्सिल खाली ठेवून बसली. विचारले तर म्हणाली, "फवारनीले हासाचं नाही. आमचे बाबा दवाखान्यात होते."

वर्ग गप्प झाला. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. आपल्या मुलांसाठी पंप हे खेळणे नाही.

आम्ही खेळ थांबवला नाही. "मग कोणाला हसायचे?" असे विचारले. त्यावर चर्चा झाली ती आम्ही कधी विसरणार नाही. पंप ठेवायचा, पण नियम बदलायचे, असे ठरले. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले तर आपलेच गुण कमी. हातमोजे आणि तोंडावरचा मास्क मिळवल्याशिवाय पंप सुरूच होणार नाही. आणि परग्रहवासी? तो डोक्यावर काचेचे शिरस्त्राण, हातात मोजे असा उतरतो. उघड्या तोंडाने फवारणारी माणसे पाहून त्याला वाटते, यांना विष बाधतच नाही, हे अजिंक्य आहेत! तो घाबरून परत निघतो. इथे पुन्हा त्या मुलीचा हात वर. "हे बी बाबालेच हासनं झालं." मग शेवट बदलला. परग्रहवासी माणसाच्या मनात डोकावतो. तिथे त्याला कळते की या माणसाकडे मोजे नाहीत. तो औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायला जातो. अक्षरे इतकी बारीक, की ताऱ्यांच्या अंतरावरून पृथ्वी पाहणारी त्याची दुर्बीणही हात टेकते!

यावर सगळे हसले. ती मुलगीही हसली.

शेवटी

खेळ पुन्हा घडवणे म्हणजे जुन्यावर रंग चढवणे नव्हे, हे एव्हाना ध्यानात आले असेल. प्रत्येक गोष्टीला विचारावे लागते: ही यंत्राच्या मर्यादेतून आली की बनवणाऱ्याच्या मनातून? मर्यादेतून आली असली तरी तीच आता गंमत होऊन बसली आहे का? आणि विनोद असेल तर विचारायचे, हसण्याचे टोक कोणाकडे वळले आहे?

शाळेत संगणक असेल तर 'स्क्रॅच' या मोफत प्रणालीत मोठी मुले असा खेळ बनवू शकतील. ती सेकंदाला ३० चित्रांच्या हिशेबाने चालते, तेव्हा वरचे उडीचे गणित तिथे पडताळून पाहता येईल. संगणक नसेल तरी चौकटींचा कागद, एक फासा आणि टाळ्यांचा ताल पुरेसा आहे. गावातल्या जुन्या खेळांपासूनही सुरुवात करता येईल. आजीच्या लहानपणीचा एखादा खेळ घ्यावा, त्याचे नियम लिहून काढावे, आज तो खेळायचा तर काय ठेवायचे आणि काय बदलायचे ते मुलांनी ठरवावे. कारणे मात्र लिहायला लावा. त्या कारणांतच खरा अभ्यास आहे.

आमच्या सातवीचा तो चौकटींचा कागद आम्ही कपाटात जपून ठेवला आहे. पंधरा वर्षांनी कोणाला तो खेळ पुन्हा घडवायचा असेल, तर मूळ प्रत हाताशी असावी!